मोसंबीचा खोका आणि वामनरावांचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. नुसतं खोका म्हटलं की तुम्ही लगेच विचारणार, कशाचा? आणि तिथंच माझी मान खाली जाते. मोसंबीचा. बदनापूरकडच्या एका बागेतून मोसंबी पोटात भरून मी जालन्याच्या बाजारात आलो आणि मोसंबी विकली गेल्यावर रिकामा झालो. रिकाम्या खोक्याचं पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तो फोडून बंबात घालतात. मी बंबात गेलो नाही, टायपिंगच्या क्लासात गेलो. ऐकायला हे मोठं वाटतं, पण तिथलं माझं काम चारचौघांत मिरवावं असं नव्हतं. त्या कामाची मला फार लाज वाटायची. तरीही आज सांगायला बसलोय, ते माझ्या मोठेपणासाठी नाही. एका माणसाचा उजवा हात आहे, त्याच्यासाठी सांगतो.

निझामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. कुंडलिका नदीच्या पलीकडं, नव्या जालन्यात, एका दुकानाच्या माडीवर गिरिधर मास्तरांनी क्लास काढला. मास्तरांना एकच वेड होतं. टायपिंग करताना बटणांकडं बघायचं नाही म्हणजे नाही. मधल्या ओळीला ते बोटांचं घर म्हणत. आठ बोटं मधल्या ओळीवर, अंगठे खालच्या पट्टीवर. बोट वरच्या ओळीत जाऊ दे, खालच्यात जाऊ दे, काम झालं की मुकाट्यानं घरी परत. "डोळे कागदावर, बोटं घरात!" असं ते दिवसभर ओरडत. मनगट कुणी टेकवू नये म्हणून ते शिकणाऱ्याच्या मनगटावर खडू ठेवत, आणि खडू पडला की डोळे वटारत. नखं वाढलेली दिसली तर माडीवरून परत पाठवत.

पण पोरं काय ऐकतात होय! मास्तरांची पाठ वळली की मान खाली घालायची आणि कोंबडीनं दाणा टिपावा तसं एका बोटानं टक टक करायचं. शेवटी मास्तर वैतागले. त्यांनी रखमाजी सुताराला बोलावलं आणि म्हणाले, "बटणं झाकली पाहिजेत आणि हात आत गेले पाहिजेत, असं काहीतरी करून द्या."

रखमाजीनं कोपऱ्यात पडलेल्या मला उचललं. माझं झाकण काढलं, मागची फळी काढली, पुढच्या फळीला हात जातील एवढी खाच पाडली आणि मला मशीनवर पालथा घातला. बटणं अंधारात गेली. रखमाजी लांबून बघून म्हणाला, "बराबर घाण्याच्या बैलाची झापड झाली बघा, मास्तर."

झालं! तेच माझं नाव पडलं. झापड.

क्लासात मशीनं बरीच होती, पण मी फक्त पहिल्या मशीनवर. नवशिक्यानं माझ्या पोटात हात घालून शिकायचं आणि बोटांना घर सापडलं की दुसऱ्या मशीनवर जायचं. त्यामुळं माझ्यापाशी कुणी बसलं की सगळ्या माडीला कळायचं, हा गडी अजून कच्चा आहे. कुणालाही माझ्यापाशी बसायला आवडायचं नाही. उन्हाळ्यात छपराचा पत्रा तापला की माझ्या फळ्यांतून मोसंबीचा आंबट वास सुटायचा. मग पोरं ओरडायची, "मास्तर, रस काढा हो!" मी अगदी मेल्याहून मेला व्हायचो. बाकीची मशीनं काळीभोर, तुकतुकीत, आणि त्यांच्यात मी असा, खिळे दिसणारा, दोन बाजूंच्या सुतळीच्या कड्यांपैकी डावी तुटलेली. उजवी तेवढी शाबूत होती.

झाडलोट करायला बायनाबाई यायच्या. त्या केदारखेड्याच्या. त्यांच्या माहेरी मेंढरं होती, त्यामुळं जनावरांशी बोलावं तसं त्या आमच्याशीही बोलायच्या. मला उचलून खाली आदळताना म्हणायच्या, "मास्तरला येवढी मशीनं घ्याया जमली आन् ह्ये मेलं खोकं मातर बदलाया जमंना." त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

अशात मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या सुमाराला, एका संध्याकाळी वामनराव जिना चढून आले. मागं वळून बघत बघत आले. तहसील कचेरीतले टायपिस्ट वामनराव म्हणजे मोठं नाव. उर्दूच्या मशीनवर त्यांची बोटं चालायला लागली की कामाला आलेली माणसं खिडकीशी उभी राहून बघायची. मास्तर उठून उभे राहिले.

"वामनराव, तुम्ही इकडं कसं? अरुंधतीची चौकशी का? तिचं काही बघायला नको, हात झकास आहे तिचा."

अरुंधती त्यांची मुलगी. मॅट्रिक झालेली, सकाळी मुलींच्या वर्गाला यायची. माझ्याखाली ती थोडेच दिवस राहिली आणि पुढं सरकली.

वामनरावांनी टोपी काढून हातात धरली. "तिच्यासाठी न्हाई आलो, मास्तर. माझ्यासाठी आलो."

"तुमच्यासाठी?"

"उर्दूचं मशीन कपाटात गेलं. आता सगळं मराठीत. हुकूम आलाय, दिवाळीच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हा, न्हाई तर खुर्ची सोडा. मंग दप्तरी म्हणून भोकरदनला जायचं आणि गठ्ठे बांधत बसायचं." त्यांनी हातातली टोपी फिरवली. "गठ्ठे बांधायलाबी माझी ना न्हाई. पण घरी सांगू कसं? पोरगी माझा हात बघून टायपिंगला लागली, मास्तर. तिला हे बिलकुल कळू देऊ नका."

मास्तरांनी शब्द दिला. आणि ज्यांच्या बोटांची तारीफ सगळी तहसील करायची, ते वामनराव पहिल्या मशीनपुढं, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत येऊन बसले. मास्तर संकोचानं म्हणाले, "तुम्हाला झापड नको, मी काढून ठेवतो." वामनराव म्हणाले, "राहू द्या. शिकाऊ तो शिकाऊ." मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातांवर मी पालथा पडलो होतो, आणि माझ्या अंगाला मोसंबीचा वास येत होता.

आता त्यांची अडचण काय होती ते ऐका, मित्रांनो. बोटं त्यांची तयार होती. नवी अक्षरंही त्यांनी भराभर पाठ केली. अडचण होती ती ओळ संपण्याची. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते. तिथं ओळ संपत आल्याची घंटी वाजली की कॅरेज लोटायचा दांडा उजव्या बाजूला असतो, उजव्या हातानं लोटायचा. मराठी मशीनचा दांडा डावीकडं. वामनरावांनी सबंध नोकरीत तो उजव्या हातानं लोटलेला. त्यामुळं इकडं घंटी वाजली 'टिंग' की तिकडं उजवा हात माझ्या पोटातून सटकन बाहेर यायचा आणि हवेत जायचा. तिथं दांडा कुठला? तिथं शेजारच्या पोराचं डोकं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकाची टोपी उडवली. माडी हसून हसून लोळली.

टोपीचं एक वेळ सोडा. तो बावरलेला हात परत माझ्या पोटात यायचा तो चुकीच्या घरात बसायचा. एका बटणानं सरकून. आत अंधार, वामनरावांना कसं दिसणार? उजवी बोटं बिचारी इमानदारीनं चालायची आणि पुढची सगळी ओळ वेडीवाकडी उमटायची. मास्तर कागद काढून बघायचे आणि विचारायचे, "वामनराव, ही कुठली भाषा?" वामनराव कागदाची घडी करून खिशात घालायचे. त्यांच्या तळव्यांना सुटलेला घाम माझ्या फळ्यांना लागायचा.

त्यांच्या उजवीकडची खुर्ची आपोआप रिकामी झाली. तिथं कुणी बसेना.

एके दिवशी त्यांनी एक युक्ती केली. इकडंतिकडं बघून खिशातला रुमाल काढला, एक टोक उजव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्या उजव्या सुतळीच्या कडीला. दातांनी गाठ आवळली. बटणांवर फिरायला जागा मिळेल पण वर उठता येणार नाही, एवढी ढील ठेवली. घंटी वाजली. हात उठला, रुमाल ताणला, हात खाली बसला. मग सावकाश डावा हात वर गेला आणि त्यानं दांडा लोटला. ओळ बरोबर आली! वामनरावांनी हळूच इतका लांब श्वास सोडला की मला आतपर्यंत जाणवला. त्यानंतर रोज हेच. रुमाल खालच्या बाजूला असायचा, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एकदा खाली पडलेला खडू उचलायला एक पोरगं वाकलं आणि ओरडलं, "ए, काकांना बांधून ठेवलंय रे! पळून जातेत म्हणून!"

सगळे भोवती जमले. वामनरावांनी हात ओढला, गाठीतून सोडवला, टोपी घेतली आणि जिना उतरून गेले. रुमाल माझ्या कडीलाच लोंबत राहिला.

गिरिधर मास्तर वाईट नव्हते, मित्रांनो. पण त्यांना गोष्टी सांगायची भारी हौस. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सारख्या खाली बघत होत्या, म्हणून त्यांनी गंमत म्हणून संध्याकाळच्या एका काकांची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं. दिलेला शब्द त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणं पाळला. हात कसा उडतो, टोपी कशी उडाली, काका स्वतःला झापडीला कसे बांधून घेतात, सगळं रंगवून सांगितलं. मुली हसल्या. सगळ्यांत जास्त अरुंधती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिथंच होतो, माझ्या कडीला तिच्या वडिलांचा रुमाल होता. खोक्याला तोंड नसतं, नाहीतर मी ओरडलो असतो.

त्या संध्याकाळी वामनराव आले नाहीत.

पुढच्या दिवशी सकाळी बायनाबाई झाडत होत्या. त्यांनी रुमाल सोडला, झटकला आणि मुलींपुढं धरला. "ह्यो कुणाचा गं पोरींनो? टोकाला काय काढलंय ह्ये, बदक हाय का?"

ते बदक नव्हतं, पोपट होता. अरुंधतीनं शाळेत असताना भरलेला तो पहिला पोपट. तिनं रुमाल बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिची मैत्रीण तारा शेजारीच होती. तारा म्हणाली, "झापडवाल्या काकांचा असेल! अरुंधती, बघ, बदक!"

अरुंधती काहीतरी हसल्यासारखं करून म्हणाली, "असेल कुणाचा तरी."

वर्ग सुटला, मुली गेल्या. अरुंधती जिन्यावरून परत आली, रुमाल उचलला आणि माझ्यावर डोकं टेकून रडायला लागली. मास्तर घाबरले. "अगं, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"ते काका आमचे नाना आहेत ना?"

मास्तर खाली बघायला लागले.

"मला काय माहीत होतं, मास्तर! काल जेवताना मी सगळी नक्कल करून दाखवली. असा हात उडवला, अशी टोपी पाडली. आई हसली. नानाही हसले. म्हणाले, मंग पुढं काय झालं? मी तेही सांगितलं. मंग त्यांनी पाणी पिलं आणि ताटावरून उठले. भात तसाच होता. आई म्हणाली, आज भूक न्हाई वाटतं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत पुसला. "चूक माझी आहे. मी बोलायला नको होतं. गोष्ट सांगायची खाज, दुसरं काय!"

"ते आता येणार न्हाईत. त्यांची परीक्षा?"

"उजवा हात घरात बसला तर पास होतील. न्हाई बसला तर न्हाई. आणि इथं आल्याशिवाय तो बसणार कसा?"

अरुंधतीनं डोळे पुसले. रुमालाची घडी घालून पर्समध्ये नाही, पोलक्यात खोचली. पर्स कुठली तिच्याकडं!

पुढचं मी माडीवरूनच बघितलं. त्याच संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि बापलेक दोघं वर आले. तिनं घरी एवढंच सांगितलं होतं की मला संध्याकाळचाही वर्ग करायचाय, दिवेलागणीला एकटी कशी जाऊ, नाना, तुम्ही चला सोबत. तरण्या मुलीला तिन्हीसांजेला एकटीला कोण पाठवतं? वामनरावांना यावंच लागलं. ते दारातच उभे राहिले, जणू इथं कधी आलेच नव्हते. मास्तरही "या, या" एवढंच म्हणाले.

अरुंधती थेट पहिल्या मशीनकडं आली आणि उजवीकडच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसली. तिनं पोलक्यातून रुमाल काढला. धुतलेला होता. तो माझ्यावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "नाना, उभे का? बसा की. ही खुर्ची रिकामीच आहे."

वामनरावांनी रुमालाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. माझ्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ चेहरे पडताना बघितलेत, पण तसा चेहरा बघितला नाही. ते बसले.

घंटी वाजली आणि हात उठला. अरुंधतीनं आपला डावा हात आडवा केला, वडिलांचा हात वरच्यावर झेलला आणि परत आत ठेवला. "नाना, घरी," ती पुटपुटली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. परत घंटी, परत हात, परत "नाना, घरी". रुमालाची गरज उरली नाही. स्वतःचं टायपिंग सोडून ती पोर रोज तासभर त्या घंटीकडं कान लावून बसायची. ओळी सुधारल्या. मास्तरांनी "ही कुठली भाषा" विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, आता निभावलं.

पण नाही ना! एका संध्याकाळी तारा विसरलेली छत्री न्यायला वर आली. तिनं अरुंधतीला बघितलं, शेजारच्या माणसाच्या हातांवर मला बघितलं, आणि तिच्या कानाशी लागून, पण मला आणि वामनरावांना चांगलं ऐकू येईल असं म्हणाली, "अय्या, हेच का ते झापडवाले काका? आणि तू त्यांच्याजवळ गं कशी?"

अरुंधतीचं तोंड उघडलं. मग ती म्हणाली, "मास्तरांनी बसवलंय."

एवढंच. तारा छत्री घेऊन गेली.

घंटी वाजली, आणि त्या दिवशी हात उठलाच नाही. उजवाही नाही आणि डावाही नाही. दोन्ही हात माझ्या पोटात तसेच पडून राहिले. अरुंधतीचा हात आडवा धरलेला, तो तिथंच. तिचे कान लालबुंद झाले होते. मला तिचा राग आला का? नाही आला. मी तिला ओळखत होतो. मला कुणी विचारलं असतं, तू कशाचा, तर मीही सागवानाचा म्हणून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून वामनराव एकटेच येऊ लागले. अरुंधतीला म्हणाले असतील, तुझा अभ्यास बघ. त्यांनी परत रुमाल काढला. आता लपवला नाही, पण कुणाकडं बघितलंही नाही.

परीक्षा एका शाळेत होती. ज्यानं त्यानं आपलं मशीन घेऊन जायचं. राधाकिसन हातगाडीवाल्यानं आमची मशीनं रचली आणि धक्के लागू नयेत म्हणून मला पहिल्या मशीनवर सुतळीनं आवळलं. कुंडलिकेचा पूल ओलांडताना गाडी अशी हादरत होती की माझा एक खिळाच निघाला. हॉलमध्ये रांगेनं टेबलं मांडलेली. वामनराव मधल्या रांगेत, अरुंधती आणि तारा मागं. चहूकडं पोरंच पोरं, आणि त्यांच्यात हा एकच केस पिकलेला माणूस.

देखरेखीला एक जाडे गृहस्थ होते. ते मला बघून थबकले. "हे काय? परीक्षेला आलात का मोसंबी विकायला?"

हॉल खदखदला. माझ्या बाजूच्या फळीवर बागवानानं मारलेला शिक्का अजून वाचता येत होता, तो त्यांनी वाचला असणार.

वामनराव उठून उभे राहिले. "साहेब, मी ह्याच्याखाली शिकलो. बटणं दिसली की माझी बोटं चुकतात. परवानगी असावी."

"नियमात ह्याची मनाई नाही आणि परवानगीही नाही. ठेवा बापडे, तुमचंच नुकसान."

वामनराव बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. माझ्या काळजाचं पाणी झालं. इथं नका हो, इथं सगळे बघतायत! पण त्यांनी सगळ्यांसमोर एक टोक माझ्या कडीला बांधलं आणि दुसरं मनगटाला गुंडाळलं. रोज दातांनी गाठ मारणारा माणूस, पण आज टोक दातांत सापडेना. गाठ बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली. मागच्या पोरांत कुणीतरी म्हणालं, "काका, दावं आणू का?" हॉल फुटला. देखरेखीचे गृहस्थही तोंडावर हात ठेवून हसत होते.

तेवढ्यात मागची एक खुर्ची सरकली. अरुंधती उठली, रांगेतून चालत आली आणि वडिलांच्या टेबलाशी वाकली. तिनं रुमालाची दोन्ही टोकं हातात घेतली.

"ओ बाई, जागेवर बसा!" गृहस्थ ओरडले. "परीक्षा आहे ही. हे तुमचे कोण लागतात?"

तारा मान वर करून बघत होती. अरुंधतीनं गाठ आवळली, ओढून बघितली, मग सरळ उभी राहिली.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं परत सांगितलं, "माझे वडील आहेत. तहसिलीतले टायपिस्ट वामनराव. उर्दूत ह्यांचा हात धरणारं कुणी न्हाई. मी ह्यांचा हात बघून शिकले. ह्यांना हसायचं असेल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. ती आपल्या जागेवर गेली. वामनरावांनी वर बघितलं नाही. त्यांचे डोळे कागदावर होते, मास्तरांनी शिकवल्यासारखे, पण कागद त्यांना दिसत नव्हता हे मला कळत होतं, कारण एक थेंब माझ्या फळीवर पडला आणि मग आणखी एक.

मग परीक्षा सुरू झाली. पहिली घंटी वाजली तेव्हा उजव्या हातानं असा हिसका दिला की माझी कडी तुटते की काय असं वाटलं. मी जीव एकवटून ती धरून ठेवली, खोक्याला जेवढा असतो तेवढा जीव. दुसरा हिसका थोडा कमी. पुढं पुढं नुसती ओढ लागायची. शेवटच्या ओळींत उजवा हात घंटी वाजली तरी घरात बसून राहिला आणि डावा हात आपणहून दांड्याकडं गेला.

वामनराव पास झाले. वरच्या नंबरात नाही, अगदी काठावर. अरुंधती वरच्या नंबरात आली. वामनरावांची खुर्ची राहिली, भोकरदन टळलं. निकालाच्या दिवशी मास्तरांनी वर्गात एक शब्दही रंगवून सांगितला नाही, पेढे वाटले आणि गप्प बसले.

पुढं मास्तरांनी पत्र्याची नवी, रंगवलेली झाकणं आणली. बायनाबाईंनी मला उचललं, बंबात घालायला निघाल्या आणि जिन्यात त्यांची वामनरावांशी गाठ पडली. वामनराव म्हणाले, "बाई, हे मला द्या." बायनाबाई म्हणाल्या, "घ्या की. पर ह्येचं करता काय? ह्याला झाकण बी न्हाई." खरंच, माझं त्यांनी करायचं काय? तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. मांजरानं तोंड घालू नये म्हणून दुधाच्या पातेल्यावर मला भिंतीला लागून पालथा घालतात. मोसंबीचा वास आता उरला नाही. त्याची मला आताशा आठवण येते.

मित्रांनो, बसताना पाठ ताठ ठेवा, नखं कापा, मनगट टेकवू नका, बोटं घरात ठेवा. हे तुमचे मास्तर सांगतीलच. माझं मागणं एवढंच आहे. केस पिकलेला माणूस नवशिक्यांच्या रांगेत चुकताना दिसला तर त्याची नक्कल करू नका. आणि तो तुमचा कोण लागतो असं कुणी विचारलं, तर नातं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

यंदा महाराष्ट्र झाला. वामनरावांच्या कचेरीत आता सगळीकडं मराठी मशीनं आहेत, आणि अरुंधतीही दुसऱ्या एका कचेरीत टायपिस्ट आहे. पण जुनी खोड ती खोड. कचेरीत उजवा हात शहाण्यासारखा बसतो, घरी विसरतो. संध्याकाळी अरुंधतीची आई, विमलवहिनी, देवापुढं घंटी वाजवतात, आणि पाटावर बसलेल्या वामनरावांचा उजवा हात आपोआप हवेत उठतो. विमलवहिनी हसतात. वामनरावही हसतात. अरुंधती घरी असली की तो हात वरच्यावर झेलते आणि त्यांच्या मांडीवर ठेवते.

"नाना, घरी," ती म्हणते. पूर्वी पुटपुटायची. आता शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते.